शांत वेळेतला सूर

२ सप्टेंबर

ताई,

सलाम. आधी सलाम, मग राग, असं तूच शिकवलंस म्हणून.

फोनवर तू "बरं, बरं" करून ठेवून देतेस. भाऊ बोलतोय की गॅसवाला, एवढाही फरक आवाजात ठेवत नाहीस. म्हणून कागद घेतला. तो तू मध्येच टाकणार नाहीस, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

लेकीकडे नीट पोचलीस, खोलीला मोठी खिडकी आहे, जावईबापू स्वतः चहा करून देतात, हे सगळं भाचीकडून कळलं. छान झालं. पण निघताना मला हाक मारायची नाहीस? टॅक्सी माझ्या दुकानासमोरून गेली. मशीनवरून मान वर केली तर मागच्या काचेतून तुझा अंबाडा दिसला. ओरडणार होतो, पण तोंडात टाचण्या होत्या.

मी काय वाईट सांगितलं होतं गं? चर्चमधली आख्खी उपासना एकीकडे आणि ती शांत वेळ एकीकडे. पाळकसाहेब म्हणतात, "आता प्रत्येकाने आपापल्या मनात देवासमोर यावं." सगळ्यांचे डोळे मिटतात, कुणी खाकरतसुद्धा नाही, आणि तू धाडकन ऑर्गनवर सूर धरतेस! एकदा झालं, दोनदा झालं, लोक म्हणाले, चालायचंच, वय झालं. मग वरचेवर व्हायला लागलं. पाळकसाहेब बिचारे एक डोळा उघडून बघायचे. पोरं तर आधीपासूनच तोंडावर हात धरून वाट बघत बसायची. आणि मी तुझ्या शेजारी उभा, पानं उलटायला. माझे कान तापायचे. जिने या मंडळीला गायला शिकवलं, तिची ही गत!

म्हणून त्या दिवशी तुझ्या स्वयंपाकघरात म्हटलं, "ताई, आता पुरे कर. लोक हसतात."

तू कप विसळत होतीस. म्हणालीस, "हसू देत की. हसण्यानं कोण मेलंय?"

मी म्हटलं, "तुला काही नाही वाटत, पण मला लाज वाटते."

तेव्हा तू कप पालथा घातलास आणि "बरं" म्हणालीस. बस्स. भाचीला फोनही मीच केला, आई विसरायला लागली आहे, तुझ्याकडे घेऊन जा म्हणून. लपवत नाही. तुझ्या भल्यासाठीच केला.

आता तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. मास्तरांनी नवीन वाजवणारी शोधली आहे. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात बसते ना, ती पोरगी. मास्तर शाळेत पोरांना चित्रकला शिकवतात आणि रविवारी आम्हा गाणाऱ्यांना हाकतात, त्यांचा शब्द सहसा कुणी मोडत नाही. महिनाअखेर मंडळीची सभा आहे, तिथे तिला कायमची नेमणार. भाची म्हणते की तसं झालं तर तुझं इथलं घरही सोडून टाकू, एकटीनं कशाला राहायचं.

माझी तब्येत बरी. ऑपरेशनची जखम भरली. पोटावरच्या पिशवीची आता सवय झाली, रोज सकाळी दार लावून बदलतो. मंडळीत अजून सगळे हर्नियाचंच ऑपरेशन समजतात. बसवाल्या ड्रायव्हरने काल पुन्हा हर्नियाचा पट्टा आणून दिला. त्याचं प्रेम बघून मला पट्टा लावून हिंडावं लागतं.

वाजवताना घालायचे तुझे पातळ तळव्याचे बूट ऑर्गनखालीच राहिलेत. पाठवू का?

तुझा,
छोट्या


८ सप्टेंबर, रविवार दुपार

ताई,

आज त्या पोरीने पहिल्यांदा वाजवलं. हात गोड आहे. ताल पक्का. जिथे थांबायचं तिथे थांबली. मास्तर खुशीत होते.

मला जरा बरं वाटेना म्हणून मी मधूनच घरी आलो. उकाडा होता. बाकी काही नाही.

दुपारी भात केला, पण गिळवेना. चालायचंच.

एक विचारू? माझं ऑपरेशन झाल्यावर मी पहिल्यांदा मंडळीत आलो, तेव्हा तू मला म्हणालीस, "माझे डोळे अधू झालेत, तू माझ्या डाव्या हाताला उभा राहा आणि पानं उलट." त्याआधी मी कायम मागच्या रांगेत ड्रायव्हरच्या शेजारी गायचो. ते डोळ्यांचं खरं होतं का? असंच विचारतो.

छोट्या


१७ सप्टेंबर

ताई,

तुझं उत्तर नाही. भाचीला विचारलं तर म्हणाली, "आई परवा शेजारणीच्या सुईत लांबूनच दोरा ओवून देत होती, डोळ्यांना काय झालंय तिच्या?" मग मला जे समजायचं ते समजलं.

गेल्या वेळी मी थाप मारली. उकाडा बिकाडा काही नव्हता. आता खरं सांगतो. तोंडाने सांगायला जमलं नसतं.

शांत वेळ आली. डोळे मिटले सगळ्यांनी. मी सवयीने कोपर कमरेला दाबलं, कारण आत गुडगुडायला लागलं होतं. तुला माहीत आहे, त्या पोटावरच्या भोकाला काही आवर घालता येत नाही, त्याला वाटेल तेव्हा ते बोलतं. आणि बोललं की गं! चांगलं लांबलचक बोललं. त्या शांततेत ते छतापर्यंत गेलं असेल. दुसऱ्या बाकावरून एक चिमुरडी खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, कुणीतरी पादलं!" आईने तिला चापट मारली. ती रडायला लागली. लोकांनी माना वळवल्या. मागून कुणीतरी हसू दाबलं, ते मला दाबलेलं स्पष्ट ऐकू आलं. ती पोरगी बोटं मांडीवर ठेवून शांत बसली होती. तिचं काय चुकलं? शांत वेळेत शांतच बसायचं असतं.

मी पुस्तक तिथेच ठेवून बाजूच्या दाराने सटकलो. घरापर्यंत खाली मान घालून आलो.

गेल्या रविवारी गेलोच नाही. काल मास्तर दुकानात आले तर मी कपडे घालून बघायच्या पडद्यामागे लपलो. हो, या वयात! ते बराच वेळ बाकड्यावर बसून होते. मी आत आरशासमोर श्वास धरून उभा. शेवटी उठले, पडद्याकडे तोंड करून म्हणाले, "टेलर, माझी पँट झाली की सांगा," आणि गेले. पडद्याखालून माझ्या चपला दिसत होत्या.

आणि तिथे, त्या आरशासमोर, माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

ऑपरेशन झाल्यापासून इतके रविवार मी मंडळीत उभा राहिलो, आणि एकदाही, एकदाही माझं पोट कुणाला ऐकू आलं नाही. मी समजत होतो सकाळी उपाशी जातो म्हणून. देवाची कृपा म्हणून आभारही मानायचो. कसं ऐकू येणार? मी कोपर दाबलं रे दाबलं की तू सूर धरायचीस. ऑर्गनचा तो घोगरा खालचा सूर. त्यात बैल हंबरला असता तरी कळलं नसतं. डाव्या हाताला मला उभं केलंस ते माझं कोपर तुला दिसावं म्हणून.

ताई, तू विसरत नव्हतीस. तू बघत होतीस.

आणि मी तुला म्हटलं, मला लाज वाटते! तुझी! अगं, तेव्हा तरी बोलायचंस ना. हातात कप होता, तो डोक्यात घालायचास.

मी आयुष्यभर लोकांची मापं घेतली. कुणाचा एक खांदा पडलेला, कुणाच्या पाठीला बाक. मी आतून गादी भरतो, शिलाई सारखी करतो आणि तोंड बंद ठेवतो. गिऱ्हाईक आरशात बघून म्हणतं, कोट छान बसला. हे माझं कसब, असं मी मिरवायचो. पण मी कधी स्वतःचा खांदा पाडून गिऱ्हाइकाबरोबर चाललो नाही. तू तर स्वतः वेडी ठरलीस. घर सोडलंस. आणि माझ्या फोनमुळे भाचीने तुला स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडेही नेलंन. ती सांगत होती, डॉक्टर विचारत होते आज कुठला वार आणि तू गुपचूप उत्तरं देत होतीस. तिथेही बोलली नाहीस.

मला रडू येतंय आणि तुझा रागही येतोय. आधी रडून घेतो.

छोट्या


२५ सप्टेंबर

ताई,

तुझं कार्ड मिळालं. पाठ करायला वेळ लागला नाही. "मी मजेत. पँटची कंबर सैल शिव. सभेत कुणाला काही सांगायची गरज नाही. मला वाजवून वाजवून कंटाळा आला होता." शेवटचं वाक्य वाचून मी मोठ्याने हसलो. तुला आणि वाजवायचा कंटाळा! मग तुझी बोटं जेवणाच्या टेबलावर चालतात असं भाची का सांगते? जावईबापू विचारतात म्हणे, आई, हे कुठलं गाणं?

सांगायची गरज नाही म्हणतेस. बघ, येत्या रविवारी सभा. मी गप्प बसलो तर पोरीची नेमणूक होणार, तुझं घर जाणार, आणि आपल्या ताईचं डोकं गेलं, हे कायमचं. बोललो तर आख्ख्या मंडळीला कळणार की टेलर पोटावर काय बांधून हिंडतो. मग मला माप कोण घेऊ देईल? शेजारी बसून प्रभुभोजन कोण घेईल? हाच विचार दिवसभर डोक्यात. दोनदा कात्री चुकीची चालली.

हॉस्पिटल आठवतं? नर्सबाई पिशवी कशी बदलायची ते शिकवायला आल्या आणि मी भिंतीकडे तोंड केलं. म्हटलं, मला नाही बघायचं, मला नाही शिकायचं. तू बाह्या वर केल्यास. म्हणालीस, "लहानपणी तुझे लंगोट मीच धुतले, आता काय नवीन आहे?" आणि कोमट पाण्याने पुसून, हळुवारपणे, नवी पिशवी लावलीस. मग तिथेच डोळे मिटून प्रार्थना केलीस, "प्रभू, ही पिशवी दिलीस म्हणून माझा भाऊ आहे, तुझे उपकार." मला इतका संताप आला होता! म्हटलं, आभार मानायला दुसरं काही मिळालं नाही हिला?

प्रभू स्वतः शिष्यांचे पाय धुवायला आला तेव्हा तो एक शिष्य नको नको म्हणत होता ना, मला कायम वाटायचं, किती नम्र माणूस. आता वाटतं, कसली नम्रता? त्याचे पाय घाण असतील आणि ते सगळ्यांसमोर उघडे पडणार म्हणून त्याला लाज वाटत असेल. मी अगदी तसाच. पण त्याने शेवटी पाय पुढे केले.

मला भीती वाटते ताई. पोटात गोळा येतो. तो पिशवीत जात नाही, तिथेच राहतो.

छोट्या


२९ सप्टेंबर, रविवार संध्याकाळ

ताई,

झालं!

बस, आणि नीट वाच. मी नवा शर्ट घालून गेलो, पँटची कंबर सैल केलेली. तुझ्या शब्दाबाहेर नाही. उपासनेत मागच्या रांगेत उभा राहिलो. सभा सुरू झाली. मास्तर उठले, पोरीचं कौतुक केलं, तुझेही चार शब्दांत आभार मानले. "ताईंनी पुष्कळ केलं, आता त्यांना विश्रांतीची गरज आहे," म्हणाले. मग पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" ते आपलं नेहमीचं. कुणी कधी बोलत नाही.

मी उभा राहिलो. म्हटलं, "मला हर्निया झाला नव्हता."

सगळे बघायला लागले. ड्रायव्हर म्हणाला, "मग पट्टे?"

म्हटलं, "पट्टे तुझे तुला परत देतो, धुऊन. माझं आतडं कापलंय. पोटाला भोक आहे आणि त्यावर पिशवी आहे. त्या रविवारी जो आवाज आला तो माझा होता. त्या चिमुरडीला उगाच मार बसला, ती खरं बोलत होती."

कुणी हसलं नाही. ते जास्त अवघड होतं. मी पुढे बोलत गेलो, थांबलो असतो तर खाली बसलो असतो. सांगितलं, की माझं कोपर कमरेला गेलं की ताई सूर धरायची. तुम्ही म्हणालात तिला आठवत नाही. मीही तेच म्हणालो, सगळ्यांच्या आधी म्हणालो. तिला सगळं आठवत होतं. मला तुमच्यासमोर मान खाली घालावी लागू नये म्हणून तिने स्वतःची घातली. तिला विश्रांतीची गरज नाही, मास्तर. तिला तिच्या बुटांची गरज आहे.

आणि अगदी तेवढ्यात, ताई, देवाशपथ, माझं पोट बोललं. सगळे चिडीचूप असताना. गुडगुड करत लांबवर गेलं आणि शेवटी वर चढून थांबलं, जणू प्रश्न विचारल्यासारखं.

मी म्हटलं, "हे. हेच ते."

आधी ड्रायव्हर हसला. मग मी हसलो. मग काय विचारतेस, आख्खी मंडळी! पाळकसाहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. हसून की कशाने ते मी विचारलं नाही. त्या चिमुरडीच्या आईने येऊन माझा हात हातात घेतला आणि सोडेचना. त्याच हाताने मी तिच्या लग्नाचा झगा शिवला होता.

मास्तर शेवटपर्यंत खाली बघत होते. मग उठले. म्हणाले, "मी चित्रकार माणूस. बघणं हा माझा धंदा. आणि मला दिसलं नाही." मी म्हटलं, "मास्तर, तुमची पँट झालीये." मग ते हसले.

आणि ती पोरगी! मी तिच्याकडे बघायला धजत नव्हतो, तिची जागा मी काढून घेतली ना. ती सरळ पुढ्यात आली. "काका, पिशव्या कुठून आणता?" मी तिला सांगितलं, "दोन बस बदलून पार पलीकडच्या दुकानातून, म्हणजे तुझ्या दुकानात घेताना कुणी बघायला नको." ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो, मी मागवून ठेवते की! वासाचा फिल्टर असलेल्या येतात आता." मग हळूच म्हणाली, "आणि ताईंना सांगा, मला शिकवतील का? मला नुसतं वाजवता येतं."

ताई, मी इतकी वर्षं प्रार्थनेत आभार मानत आलो, पाठ केल्यासारखे. आज घरी येऊन खुर्चीत बसलो आणि दुसरं काही सुचेचना. तुझे उपकार, एवढंच म्हणत राहिलो. प्रभूला म्हणत होतो की तुला, ते मलाही कळत नव्हतं. पिशवीबद्दलसुद्धा आभार मानले. तू जिंकलीस.

भाचीला फोन केला. ती रडली, मग माझ्यावर ओरडली, मग पुन्हा रडली. घर सोडायचं नाही म्हणाली.

छोट्या


१३ ऑक्टोबर

ताई,

तू शनिवारी येतेस हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. मास्तर गाडी घेऊन स्टेशनवर येणार आहेत. त्यांना बोलू दे, अडवू नकोस. त्यांनी वाक्य पाठ केलंय.

येण्याआधी इथली परिस्थिती सांगून ठेवतो. आता शांत वेळ आली की सगळ्यांचं लक्ष माझ्या कोपराकडे. आज मी नुसतं खाजवायला हात खाली नेला तर ड्रायव्हर खोकला. त्याचं ऐकून मागची रांग खोकली. मग डावीकडच्या बायका. क्षणभरात आख्खी मंडळी ढास लागल्यासारखी खोकायला लागली, आणि माझं पोट मात्र गप्प! पाळकसाहेब म्हणाले, "कुणाला पाणी हवंय का?" ती चिमुरडी तर खोकताना बाकावर उभी राहिली होती.

मला इतकं हसू आलं आणि इतकं भरून आलं की गाताना खालचा सूर लागेचना. असं प्रेम माझ्या वाट्याला यावं असं मी काय केलं होतं? काहीच नाही. पण उपासना संपल्यावर मी सगळ्यांना थांबवून सांगितलं, "तुमचे फार उपकार. आता खोकू नका. घसे गाण्यासाठी ठेवा."

तुलाही तेच सांगायचंय. तुझ्या बाकासाठी नवी गादी शिवली आहे, आत चांगला कापूस भरलाय. बूट पुसून ठेवलेत. रविवारी शांत वेळ येईल तेव्हा तू हात मांडीवर ठेव आणि प्रार्थना कर. किती दिवसांत तुला ती वेळ मिळाली नाही, माझ्या कोपरावर डोळा ठेवून होतीस. आता माझं पोट बोललं तर बोलू दे. मी तिथेच उभा असेन.

तुझ्या डाव्या हाताला, पानं उलटायला. तुझे डोळे चांगले आहेत हे आता मला माहीत आहे. तरी मीच उलटणार.

तुझा,
छोट्या